रुग्णालयातील आध्यात्मिक शुश्रूषा

गंभीर आजार, अपघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा जवळ आलेला मृत्यू यांमुळे माणसाच्या श्रद्धेला, नात्यांना आणि जगण्याच्या अर्थाला हादरे बसतात. अशा वेळी रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबीयांना सोबत करण्याच्या कामाला आध्यात्मिक शुश्रूषा म्हणतात. औषधोपचार, परिचर्या आणि मानसोपचार यांच्या जोडीने चालणारे हे काम अनेक देशांत आरोग्यसेवेचा मान्य भाग आहे. त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला बऱ्याच ठिकाणी ‘चॅप्लेन’ म्हणतात. हा शब्द ख्रिस्ती परंपरेतला. पण आज मुस्लिम, बौद्ध, ज्यू, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारे मानवतावादी चॅप्लेनही हे काम करतात.

मराठीत शुश्रूषा म्हणजे आजाऱ्याची सेवा. संस्कृतात मात्र ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थी रूपापासून हा शब्द बनला आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवेचा अर्थ त्याला पुढे चिकटला. या नोंदीच्या विषयात मूळ अर्थ पुन्हा जागा होतो, म्हणून ‘समुपदेशन’ या रूढ शब्दापेक्षा शुश्रूषा हाच शब्द येथे अधिक नेमका आहे.

धर्म आणि अध्यात्म

धार्मिक गरज आणि आध्यात्मिक गरज यांत फरक करावा लागतो. प्रार्थनेची वेळ पाळता यावी, धर्मगुरूची भेट व्हावी, आहाराचे नियम सांभाळले जावेत, मृतदेहाला अमुक रीतीनेच हात लावला जावा, या धार्मिक गरजा झाल्या. त्या सांगता येतात, नोंदवता येतात आणि बहुतेक वेळा पुऱ्याही करता येतात. आध्यात्मिक गरज इतकी उघड नसते. ‘हे माझ्याच वाट्याला का आले?’, ‘मी कुणाचे काय वाईट केले?’, ‘आता मी घरच्यांना ओझे झालो का?’, ‘भावाशी वीस वर्षे बोललो नाही, आता कसे बोलू?’ अशा वाक्यांतून ती बाहेर पडते. ही वाक्ये भाविकाच्या तोंडून येतात तशी नास्तिकाच्याही तोंडून येतात. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा, या क्षेत्रातील तज्ज्ञांनी 2009 मध्ये अमेरिकेत एकत्र येऊन जी व्याख्या मान्य केली, तिच्यात अध्यात्माचा संबंध देवाशी थेट जोडलेला नाही. माणूस अर्थ आणि प्रयोजन कसे शोधतो आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, पवित्र वाटणाऱ्या गोष्टींशी आपले नाते कसे अनुभवतो, यावर तिचा भर आहे.

या वाक्यांपैकी पुष्कळशी प्रश्नाच्या रूपात असतात आणि इथेच ऐकणाऱ्याची चूक होते. ‘असे का झाले?’ या प्रश्नाला डॉक्टर पेशींचे किंवा रक्तवाहिन्यांचे कारण सांगतात, नातेवाईक ‘नशीब’ म्हणतात, भेटायला आलेला परिचित ‘सगळे ठीक होईल’ म्हणतो. तिघांचाही हेतू चांगला असतो, पण बोलणे तिथेच थांबते. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते. त्या प्रश्नापाशी आपल्याबरोबर कुणीतरी थांबावे, एवढेच हवे असते.

पूर्वपीठिका

आजाऱ्याच्या मनाची काळजी हा उपचाराचा भाग मानण्याची कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्र, व्रत, प्रार्थना यांचा दैवव्यपाश्रय, आहार व औषध यांचा युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मन आवरून धरण्याचा सत्त्वावजय. त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात उपचारगृहाची सिद्धता सांगताना सेवक, स्वयंपाकी आणि औषध कुटणारे यांच्याबरोबर गायन, वादन, श्लोक, गाथा, कथा, इतिहास व पुराण यांत कुशल माणसेही असावीत, असे म्हटले आहे. ही व्यवस्था राजे आणि धनिकांसाठी होती, हे खरे. पण उपचारगृहात कथा सांगणाऱ्याची जागा ठरवून दिलेली होती, ही बाब महत्त्वाची आहे.

विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या महावग्ग या भागात पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्षूची कथा येते. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद यांनी त्याला धुऊन स्वच्छ केले, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे बुद्धांनी भिक्षूंना सांगितले. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील कॅपॅडोशिया प्रांतात सीझरिया शहराजवळ बिशप बेसिल यांनी उभारलेल्या संस्थेत आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांना आसरा मिळे. पुढे कित्येक शतके युरोपात रुग्णालय आणि मठ यांच्यातली सीमारेषा पुसटच राहिली.

आधुनिक प्रशिक्षणाची सुरुवात मात्र एका रुग्णाने केली. अँटन बॉइसेन हे अमेरिकी धर्मोपदेशक 1920 मध्ये तीव्र मानसिक आजाराने मनोरुग्णालयात दाखल झाले. आपण ज्यातून गेलो त्याकडे डॉक्टरांनी केवळ आजार म्हणून पाहिले आणि धर्मसंस्थेने तर पाहिलेच नाही, अशी त्यांची भावना झाली. बरे झाल्यावर 1924 मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाचे चॅप्लेन झाले. 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकण्यासाठी तेथे बोलावले. ग्रंथ वाचतो त्याच काळजीने माणूस वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णांना ते ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ म्हणत. रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या पाठबळावर त्यातून पुढे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन ही प्रशिक्षणपद्धती वाढली. तिच्यात विद्यार्थी रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो आणि आपण कुठे ऐकले, कुठे घाईने उत्तर दिले, हे गटासमोर तपासतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या मृत्यूविषयक कामाला चालनाही धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच दिली. 1965 मध्ये शिकागोत असे चार विद्यार्थी त्यांच्याकडे मदत मागायला आले. मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलू द्या म्हणून क्यूब्लर-रॉस यांनी वॉर्डांमध्ये विचारले, तेव्हा असे रुग्ण आमच्याकडे नाहीतच, असे उत्तर त्यांना मिळत गेले.

दुसरे वळण सिसिली सॉन्डर्स यांनी दिले. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि नंतर डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून त्या गेल्या होत्या. दुखण्याची सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझे सगळेच बिघडले आहे असे वाटते, असे एका रुग्ण स्त्रीने त्यांना सांगितले होते. अशा बोलण्यांतून त्यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली : शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःख एकमेकांत विणलेले असते, म्हणून मॉर्फिनचा डोस वाढवूनही दुखणे हटत नसेल, तर दुसरा धागा शोधावा लागतो. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येत आध्यात्मिक समस्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

देशोदेशीची व्यवस्था वेगवेगळी आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत 1948 च्या स्थापनेपासून चॅप्लेन आहेत. नेदरलँड्समध्ये 1996 च्या कायद्याने चोवीस तासांहून अधिक काळ दाखल असलेल्या रुग्णाला त्याच्या धर्माशी किंवा जीवनदृष्टीशी जुळणारी आध्यात्मिक शुश्रूषा उपलब्ध करून देणे संस्थांवर बंधनकारक झाले. जपानमध्ये 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर वेगवेगळ्या धर्मांच्या पुरोहितांनी एकत्र येऊन शोकग्रस्तांची सोबत केली. 2012 मध्ये तोहोकू विद्यापीठात अशा आंतरधर्मीय कामाचे प्रशिक्षण सुरू झाले.

कामाची रीत

ही जबाबदारी एकट्या चॅप्लेनची नसते. आजारात तुम्हाला बळ कशातून मिळते, एवढा प्रश्न परिचारिका किंवा डॉक्टरही विचारू शकतात. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी 1996 मध्ये त्यासाठी ‘फिका’ ही छोटी प्रश्नावली तयार केली. रुग्णाची श्रद्धा किंवा अर्थाचा आधार कोणता, आजाराला तोंड देताना त्याचे महत्त्व किती, पाठीशी कोणता समूह आहे आणि उपचारांत याची दखल कशी घ्यावी, असे तिचे चार भाग आहेत. उत्तरांत दुखावलेपण, अपराधभाव किंवा टोकाची निराशा दिसली, तर प्रशिक्षित व्यक्तीला बोलावले जाते.

चॅप्लेन खोलीत येतो तेव्हा आधी परवानगी मागतो. ही औपचारिकता नव्हे. रुग्णालयात तपासणी, सुई, स्पंज बाथ यांतल्या बहुतेक गोष्टी रुग्णाला सहजी नाकारता येत नाहीत. ‘आज नको’ असे ज्याला म्हणता येते, असा हा बहुधा एकमेव पाहुणा असतो. तो खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसतो. बोलण्यात मौनाला मोठी जागा असते. रुग्ण ‘देवाने मला टाकले’ म्हणाला, तर देवाची बाजू घेऊन वाद घालायचा नसतो. टाकल्यासारखे केव्हापासून वाटते, असे विचारता येते. प्रार्थना मागितली तर रुग्णाच्या परंपरेनुसार आणि जमेल तितकी त्याच्याच शब्दांत केली जाते, किंवा त्या धर्माच्या व्यक्तीला बोलावले जाते. स्वतःच्या श्रद्धेचा प्रचार करायला पूर्ण मनाई असते. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, एवढे एकच कारण या नियमाला पुरेसे आहे.

शब्द हरवलेल्यांशीही हे काम चालते. स्मृतिभ्रंशात कालची भेट आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेली प्रार्थना किंवा गाणे पुष्कळदा ओठांवर येते. मुलांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. आपण खोटे बोललो, भांडलो म्हणून आजारी पडलो, असे लहान मूल मनात धरून बसू शकते आणि विचारल्याशिवाय ते कुणाला सांगत नाही.

कॅनडातील डॉ. हार्वे चोचिनोव्ह यांनी विकसित केलेली प्रतिष्ठा-उपचार पद्धती या क्षेत्रातील सुंदर साधनांपैकी एक आहे. शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला आयुष्यातील महत्त्वाच्या आठवणी, केलेली कामे, जिवलगांना सांगायच्या गोष्टी विचारल्या जातात. ध्वनिमुद्रण उतरवून, नीट संपादून ते रुग्णाला वाचून दाखवतात आणि मग त्याने सांगितलेल्या माणसांसाठी ते त्याच्या हाती दिले जाते.

कुटुंबीय

रुग्णाइतकीच, कधी त्याहून जास्त, गरज बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना असते. रुग्णाला निदान गुंगीचे औषध तरी मिळते. नातेवाइकांना जागेपणी वाट पाहावी लागते. त्यांच्या मनातला सर्वांत जड भाव अपराधाचा. लवकर का आणले नाही, दुसऱ्या डॉक्टरांना का दाखवले नाही, परवा रागाने का बोललो. अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ असे लगेच म्हटले की ते माणूस गप्प होते आणि ओझे तसेच राहते. आधी ते पूर्ण बोलू द्यावे लागते.

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की थांबवायचा, हा प्रश्न आला की हा भाव टोकाला जातो. उपचार थांबवणे म्हणजे आपणच जीव घेणे, असे घरच्यांना वाटू लागते. अनुभवी चॅप्लेन आणि डॉक्टर येथे प्रश्नच बदलतात. ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे न विचारता ‘ते स्वतः बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?’ असे ते विचारतात. मग निर्णयाचा भार एका मुलाच्या वा पत्नीच्या खांद्यावर न पडता रुग्णाच्या आयुष्यभराच्या बोलण्या-वागण्याकडे जातो. मेंदूमृत्यूच्या वेळी कसोटी आणखी कठीण असते : यंत्रामुळे छाती हलत असते, हात उबदार असतो, आणि तरीही डॉक्टर मृत्यू झाल्याचे सांगतात. डोळ्यांना दिसणारे आणि कानांना सांगितलेले जुळत नाही, तेव्हा घरच्यांना वेळ द्यावा लागतो. मृत बाळ जन्मले, तर अनेक रुग्णालयांत आईवडिलांना बाळ हातात घेऊ देतात, त्याच्या पावलांचे ठसे देतात, नाव ठेवायचे असल्यास ते नोंदवतात. ते मूल होते, हे कुणीतरी मान्य करणे त्यांना हवे असते.

संशोधन आणि मतभेद

प्रार्थनेने रोग बरा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आध्यात्मिक शुश्रूषेचा दावा तो नाही. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत 1,802 बायपास रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही : आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत ती 52 आणि 51 टक्के होती, तर प्रार्थना होत आहे असे सांगितलेल्या गटात 59 टक्के. याउलट मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट व सहकाऱ्यांनी 596 वृद्ध रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही, असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला. 2001 चा हा निष्कर्ष कार्यकारण सिद्ध करत नाही. पण श्रद्धेतला संघर्ष न विचारता सोडून देणे योग्य नाही, हे त्यावरून पटते. चोचिनोव्ह यांच्या पद्धतीच्या 2011 च्या तुलनात्मक चाचणीत दुःखाच्या मोजमापांत इतर गटांपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही, मात्र ही पद्धत उपयोगी वाटल्याचे सांगणारे रुग्ण अधिक होते. या कामाचे फळ मोजायचे कशाने, हा वाद अजून चालू आहे.

दुसरा वाद नोंदींचा. चॅप्लेनने उपचारांच्या कागदांत काय लिहावे? बाकीच्या चमूला उपयोगी तेवढे जरूर लिहावे. विश्वासाने सांगितलेली कबुली मात्र त्यात उतरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तो रास्त आहे.

कर्मचाऱ्यांसाठी

मृत्यूनंतर खाट रिकामी होते आणि पुढच्या रुग्णासाठी धावपळ सुरू होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने या धावपळीत एक थांबा आणला. रुग्णाला वाचवण्याचे प्रयत्न संपले की एक जण सगळ्यांना क्षणभर थांबायला सांगतो. समोरची व्यक्ती कुणाची तरी आई, बाप, मित्र होती, हे तो बोलून दाखवतो आणि तिच्यासाठी झटलेल्यांचीही आठवण करतो. मग मिनिटभर सगळे त्या खाटेभोवती गप्प उभे राहतात. ज्याला ज्या परंपरेत आठवायचे असेल, तो त्या परंपरेत मनातल्या मनात आठवतो. ही प्रथा आता इतर अनेक रुग्णालयांनी स्वीकारली आहे.