नव्या भुंगेरा-जातीचा शोध व वर्णन

भुंगेऱ्याची विज्ञानाला अपरिचित जाती ओळखून, तिला नाव देऊन, वर्णनासह प्रसिद्ध करण्याची प्रक्रिया. भुंगेरे हे ढालपंखी गणातील कीटक. त्यांचे पुढचे पंख कडक होऊन मागच्या नाजूक पंखांवर झाकणासारखे बसतात. काजवा, हुमणीचा भुंगेरा, नारळावरचा गेंड्या भुंगा, शेणकिडा हे सारे याच गणातले. या गणातल्या सु. ४ लाख जातींचे वर्णन झाले आहे, म्हणजे नोंदलेल्या प्राणिजातींचा जवळजवळ चौथा हिस्सा. उष्णकटिबंधीय आशियात अजून नाव न मिळालेल्या जाती फार आहेत. ‘नवी’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांनी तो किडा लहानपणापासून पाहिलेला असू शकतो. नवी असते ती ग्रंथातली नोंद.

इंग्रज निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात (आजचा इंडोनेशिया-मलेशियाचा भाग) हिंडला. त्याने जमवलेल्या सु. सव्वा लाख नमुन्यांपैकी ८३ हजारांहून अधिक भुंगेरे होते. त्यातल्या बोर्निओ बेटावर त्याला सु. २,००० जातींचे भुंगेरे मिळाले आणि त्यांतले बहुतेक एका चौरस मैलात. कोळशाच्या खाणीसाठी तिथे झाडे तोडली जात होती आणि ताज्या लाकडाच्या वासाने भुंगेरे येत होते. मजूर किडे आणून देत आणि वॉलेस नगाला एक सेंट देई.

मुंबईत हे काम पावसाशी बांधलेले आहे. जूनच्या पहिल्या सरींनंतर रात्री पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावला की भुंगेरे येऊ लागतात. दिवसा फांदीखाली उघडी छत्री धरून फांदी झटकतात, पाचोळा चाळतात, जमिनीत पेला पुरून त्यात पडणारे किडे गोळा करतात. संरक्षित जंगलात यासाठी वन विभागाची परवानगी लागते. मोठा भुंगेरा उजव्या पंखकवचातून टाचणी घालून टोचतात आणि अगदी लहान असेल तर कागदाच्या टोकावर चिकटवतात. पुढची लढाई दमट हवेशी असते. पेटीत बुरशी चढते. शिवाय अँथ्रेनस नावाच्या एका इवल्या भुंगेऱ्याच्या अळ्याच वाळलेले भुंगेरे पोखरून त्यांची भुकटी करतात, आणि हाती राहते टाचणी व चिठ्ठी.

खरा शोध जंगलात लागत नाही, टेबलावर लागतो. दोन जाती बाहेरून हुबेहूब असू शकतात, म्हणून नराचे जननेंद्रिय काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार पाहतात. आता डीएनएचीही जोड मिळते. तरी ‘ही जाती आधी कुणी वर्णिलेली नाही’ हे सिद्ध करायला जुने सगळे वर्णन वाचावे लागते आणि मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून जातीचे पहिले वर्णन झाले ते, पाहावे लागतात. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतले भुंगेऱ्यांचे खंड आजही उघडावे लागतात. त्यांतल्या अनेक जातींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि आपल्याकडच्या अभ्यासकाला सर्वांत जड जाते ते हेच. त्यामुळे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाचे आणि १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाचे मोल मोठे आहे. नमुना हाती येण्यापासून वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. कपाटात थांबलेला नमुना वाट पाहतो ती तज्ज्ञाची.

नामकरणाचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. प्राणिनामांची गणना १ जानेवारी १७५८ पासून धरतात आणि आधीचे वैध नाव टिकते. १९९९ नंतरच्या वर्णनात मूळ नमुना स्पष्टपणे नेमून द्यावाच लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात आणि प्रथेने त्याला लाल चिठ्ठी लावतात. भारतात २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नवी जाती नियुक्त संस्थेला कळवून नमुना तिथे ठेवणे बंधनकारक आहे.

नाव मात्र शोधणाऱ्याच्या मनाचे. ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण गमावलेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले गेले. कोळी हा कीटक नव्हे, पण मुंबईकराला नामकरणाचे याहून जवळचे उदाहरण नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या ट्रायगोनोप्टेरस या सोंडकिड्यांच्या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) १०३ नव्या जाती २०१९ मध्ये एकदम प्रसिद्ध झाल्या. त्याआधी त्या बेटावरून या प्रजातीची एकच जाती माहीत होती, तीही १८८५ पासून. इतकी नावे सुचवताना चित्रपटातला योडा आणि चित्रकथेतला अ‍ॅस्टेरिक्सही कामी आले.

वर्णनात सर्वांत कमी जागा घेणारी आणि पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे नमुन्याची चिठ्ठी. जुन्या नमुन्यांवर कधी नुसते ‘बॉम्बे’ लिहिलेले असते. ते शहर असेल, १९३६ पर्यंत सिंधही ज्यात होता तो मुंबई इलाखा असेल, किंवा पेटी जहाजावर चढवली ते बंदरही असेल. तो भुंगेरा पुन्हा शोधायचा तर मलबार हिलवर, की धारवाडच्या रानात? म्हणून आजच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कोणत्या झाडावर किंवा कशाच्या शेणात सापडला ते, आणि पकडणाऱ्याचे नाव लिहितात.