डोमेन घरातून उघडत नाही, की पोर्टच बंद आहे?

घरी छोटा सर्व्हर चालवणाऱ्यांचा फोन आला की पहिलं वाक्य मला पाठ आहे: "भाऊ, राउटरमध्ये पोर्ट उघडला, डोमेन लावलं, तरी उघडून नाही राह्यलं." कुठून पाहून राहिला, विचारलं की उत्तर येतं, "घरूनच, वायफायवर." तोवर या गड्याने फायरवॉल बंद केलेली असते आणि अख्खं मशीन डीएमझेडमध्ये, म्हणजे सगळे पोर्ट बाहेरून मोकळे असलेल्या जागी, टाकलेलं असतं. कुलूप उघडेना म्हणून दारच काढून ठेवायचा प्रकार.

पोर्ट फॉरवर्डिंग तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेरून ४४३ या पोर्टवर आलेलं राउटर १९२.१६८.१.५० कडे, म्हणजे घरातल्या सर्व्हरकडे, वळवतो. तो पत्ता डीएचसीपीत (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) राखून ठेवा, एवढंच.

घोळ होतो तो हेअरपिन नॅटचा (नॅट म्हणजे राउटरने पाकिटावरचे पत्ते बदलणं), काही राउटरांवर त्यालाच लूपबॅक म्हणतात. घरातला मोबाइल डोमेन विचारतो, त्याला तुमचा पब्लिक आयपी मिळतो, म्हणजे घरातलं डेटाचं पाकीट घराच्याच बाहेरच्या पत्त्याकडे निघतं. राउटर ते सर्व्हरकडे वळवतोही. अडतं ते परतीच्या वाटेवर. नागपुरातल्या महालातला जुना वाडा डोळ्यापुढे आणा. तुम्ही वाड्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं, दारावरच्याने ते समोरच्या बिऱ्हाडात दिलं. शेजाऱ्याने पाहिलं, पाठवणारा तर अंगणापलीकडचाच. त्याने उत्तर थेट हातात आणून दिलं. तुम्ही मात्र दारावरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहून राहिले, हातातलं घेतच नाही. मोबाइल नेमकं हेच करतो: विचारलं पब्लिक आयपीला, उत्तर आलं १९२.१६८.१.५० कडून, मग ते फेकून देतो. हेअरपिन येत असलेला राउटर पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलतो, म्हणून उत्तर त्याच्याच हातून परत येतं. तुमच्या राउटरला हे येत नसेल, तर फॉरवर्डिंगचा नियम शंभरदा पुसून लिहा, फरक पडणार नाही. त्या नियमात चूक नव्हतीच. काही राउटर तर घरातून डोमेन टाकलं की स्वतःचंच लॉगिन पान दाखवतात, आणि लोक "हॅक झालं" म्हणून ओरडतात.

म्हणून तपासणी सोफ्यावरून नको. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तेच डोमेन उघडा. उघडलं? पोर्ट ठीक आहे, हात लावू नका. नाही उघडलं, तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. पब्लिक आयपी मागा, नाहीतर टनेल लावा, म्हणजे सर्व्हरनेच आतून बाहेरच्या मशीनशी जोडणी ठेवायची. आणि घरातून १९२.१६८.१.५० सुद्धा उघडत नसेल तर गेस्ट वायफायवर तर नाही ना, ते आधी बघा.

हेअरपिनची सोय राउटरमध्ये असली तरी मी ती वापरत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये घरातलं प्रत्येक उपकरण राउटरच्या नावावर दिसतं. वर फेलटूबॅन (पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्याला अडवणारा प्रोग्राम) असेल तर एकाने वारंवार पासवर्ड चुकवला की डोमेन अख्ख्या घराला बंद. माझी पसंती घरच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी सोय): पाय-होलमध्ये, म्हणजे घरीच चालणाऱ्या डीएनएस प्रोग्रामात, तेच डोमेन थेट १९२.१६८.१.५० ला बांधायचं. नाव तेच, त्यामुळे एसएसएल प्रमाणपत्राची कुरकुर नाही. फक्त बाहेरचा आणि आतला पोर्ट एकच ठेवा. बाहेर ८४४३ आणि आत ४४३ असेल तर इथे भाषांतर करायला राउटर मध्ये नसतो.

आणि राजेहो, डीएचसीपीत दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ "सेफ्टीसाठी" टाकू नका. उपकरणं दोन्हींपैकी कोणालाही विचारतात, आणि बाहेरचा डीएनएस पब्लिक आयपीच सांगतो. मग सकाळी उघडतं, संध्याकाळी नाही, आणि मला पुन्हा फोन येतो. अँड्रॉइडमधलं प्रायव्हेट डीएनएस (तेही पाय-होलला वगळून बाहेर विचारू शकतं) बंद केलं का, हेही त्या फोनच्या आधी बघून घ्या.