‘तुझा आयपी माझ्याकडे आहे’: या धमकीमागचा इतिहास

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या भाच्याने घरातल्या राउटरचा प्लग ओढून काढला आणि मला फोन केला. “मामा, त्याला आपलं घर सापडलंय.” ज्या मुलाच्या सर्व्हरवर तो माइनक्राफ्ट खेळत होता, त्याने भांडणानंतर चॅटमध्ये चार आकडे टाकले होते, मध्ये टिंबं, आणि खाली गावाचं नाव. आकडे खरोखर त्यांच्याच कनेक्शनचे होते. गाव मात्र मुंबई लिहिलं होतं, आणि भाचा राहतो सांगलीत.

या धमकीत खरं किती आणि हवा किती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. टिंबांनी जोडलेले ते चार आकडे म्हणजे आयपी पत्ता, इंटरनेटवर कनेक्शनला मिळणारा क्रमांक. त्याची आज रुळलेली रचना १९८१ साली लिहिली गेली. ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. उद्देश एवढाच, की माहितीचं पाकीट पोचावं आणि उत्तर परत यावं. त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ताही पाकिटावर असावाच लागतो. माणूस ओळखण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता.

गेमिंगमध्ये हा आकडा हत्यार झाला तो कंपन्यांच्या काटकसरीमुळे. कॉल ऑफ ड्युटी या युद्धाच्या खेळाच्या २००९च्या आसपासच्या भागांत सामना बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवर चालत नसे. खेळाडूंपैकीच एकाचा कन्सोल, म्हणजे खेळाचं यंत्र, यजमान व्हायचा आणि बाकीच्यांची पाकिटं थेट त्याच्याकडे जायची. त्यातल्या २००९च्या मॉडर्न वॉरफेअर २ या भागात तर पीसीवरचे स्वतंत्र सर्व्हरही काढून टाकले. मग शेजारी लॅपटॉप लावला की समोरच्यांचे पत्ते रांगेने दिसायचे. हरणारा त्या पत्त्यावर नको त्या माहितीचा पूर सोडायचा आणि समोरच्याचं इंटरनेट बसायचं. थोड्या डॉलरमध्ये असा पूर भाड्याने मिळू लागला, त्याला ‘बूटर’ म्हणत. स्काइप या इंटरनेट कॉलच्या सेवेतल्या वापरनावावरूनही पत्ता काढता येई. स्काइपने तो सरसकट झाकला जानेवारी २०१६ मध्ये.

त्याच वर्षी तीन अमेरिकन तरुणांनी मिराई नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याचं मूळही माइनक्राफ्टच्या सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीत होतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर त्याने लाखांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून असाच पूर सोडला. पुढे त्यांनी कोड उघड केला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ला नावावरून संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या डिन या कंपनीवरच्या मिराईच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांसाठी तासन्‌तास अडखळल्या.

म्हणजे पत्ता हाती लागल्यावर पूर सोडता येतो, आणि राउटरवर एखादं दार उघडं राहिलं असेल तर ते ठोठावता येतं. घर मात्र दिसत नाही. दिसते ती इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर. अमुक वेळी तो पत्ता कोणाकडे होता, ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते आणि ती पोलिसांना मिळते, चॅटमधल्या पोराला नाही. आशियाच्या वाट्याचे पत्ते एप्रिल २०११ मध्ये जवळपास संपले. त्यामुळे आता मोबाइलवर एकाच पत्त्याआड कितीतरी ग्राहक असतात.

आकडा म्हणजे घर, असं धरून चालल्याने काय होतं ते अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या पॉटविनजवळच्या एका शेतघराने सोसलं. अमेरिकेतला म्हणजे अमेरिकेतला, पण नेमका कुठला ते माहीत नाही, असा प्रत्येक पत्ता मॅक्समाइंड ही आयपीवरून ठिकाण सांगणारी कंपनी देशाच्या साधारण मध्यावर टाकत होती. तो बिंदू नेमका त्या अंगणात पडला. सुमारे ६० कोटी पत्ते! २०१६ मध्ये हे उजेडात येईपर्यंत वर्षानुवर्षं त्या दारात पोलीस आणि संतापलेले लोक येत राहिले. कंपनीने मग तो बिंदू एका तलावात सरकवला.

आपल्याकडे याहून वाईट घडलं. ऑगस्ट २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका अभियंत्याला पकडलं. इंटरनेट कंपनीने पुरवलेली आयपीची माहिती चुकीची होती. निरपराध माणूस ५० दिवस येरवड्यात राहिला. मला आजही या प्रकरणाची चीड येते.

आणि जिथे खरोखर जीव गेला, तिथे आयपीचा संबंधच नव्हता. २८ डिसेंबर २०१७ला, त्याच कॅन्ससमधल्या विचिटा शहरात. कॉल ऑफ ड्युटीतल्या दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झालं, एका खेळाडूने आव्हान म्हणून स्वतःच आपल्या घराचा जुना पत्ता देऊन टाकला, आणि लॉस एंजेलिसहून कोणीतरी तिथे खून झाल्याचा खोटा फोन पोलिसांना केला. दारात आलेला २८ वर्षांचा माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचा त्या खेळाशी काही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून भाच्याला मी आधी विचारलं, “शाळेचं नाव, घराचा फोटो कुठे टाकलायस का?” इन्स्टाग्रामवर शाळेच्या गणवेशातला फोटो होता, नाव वाचता येईल असा. तो काढला. धमकीचा स्क्रीनशॉट ताईकडे ठेवला. तक्रार करायची वेळ आली तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा फोन क्रमांक आहे, आणि असा पूर सोडून कोणाचं कनेक्शन पाडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. सकाळी राउटर परत लावला तेव्हा पत्त्याचे शेवटचे दोन आकडे बदललेले होते. सेटिंगचं पान उघडायला लागणारा पासवर्ड मात्र अजून ‘अ‍ॅडमिन’ होता. तो भाच्याने स्वतः बदलला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.