मुरगळला की मोडला?

पाय मुरगळला की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "बोटं हलतायत का?" हलली, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप शेगडीवर चढतो आणि कुणीतरी ओळखीच्या हाडवैद्याचं नाव काढतं. पण त्या प्रश्नातून काहीच कळत नाही. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू वर पोटरीत असतात आणि त्यांचे दोर घोट्याजवळून पुढे बोटांपर्यंत जातात. हाड तडकलं तरी दोर शाबूत असतात, म्हणून बोटं खुशाल हलतात.

सूजही तेवढीच फसवी. नुसतं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा) फाटलं तरी बाहेरच्या घोट्यावर बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ येतं आणि एकदोन दिवसांत काळंनिळं रक्त बोटांपर्यंत उतरतं. उलट हाडाला बारीक चीर गेली असेल तर सूज बेताचीच असू शकते. "कट्" असा आवाज दोन्हींत येतो. कळ किती जबर आहे यावरही जाऊ नका, कारण चांगलं फाटलेलं लिगामेंट पहिल्या दिवशी हाडापेक्षा जास्त रडवू शकतं.

गोंधळ व्हायचं कारण असं की दोन्ही दुखापतींचा उगम बहुधा एकच. पायरी चुकते, तळवा आत वळतो आणि अंगाचं सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं. बाहेरचा घोटा पावलाशी बांधून ठेवणारं लिगामेंट आधी ताणतं, मग फाटतं. जोर त्याहून जास्त असेल किंवा वळण वेगळं असेल, तर हाडच तुटतं.

मग ओळखायचं कसं? दुखतंय नेमकं कुठे, हे बोटाने दाबून पाहायचं. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी नियम बांधले. घोट्याच्या बहुसंख्य दुखापतींत हाड मोडलेलं नसतं, तरी जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा. तो कुणाचा खरोखर काढायला हवा, हे ठरवायला ते नियम आहेत आणि जगभरच्या इस्पितळांतल्या तातडीच्या विभागांत आजही वापरले जातात.

मुरगळलेल्या पायात दुखरी जागा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली, मऊ खळगीत सापडते. मोडलेल्या पायात ती हाडावर असते. म्हणून घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बाहेरून आणि आतून दोन्हीकडे अंगठ्याने दाबत जायचं. तिथे थेट हाडावर कळ आली तर एक्स-रे हवा. पुढून दाबू नका, पुढे सगळ्यांनाच दुखतं.

आणखी दोन जागा लोक हमखास विसरतात. करंगळीच्या रेषेत मागे येत गेलं की पावलाच्या बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर, एक उंचवटा लागतो. दुसरी जागा आतल्या कडेला, आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली. यांपैकी कुठल्याही हाडावर कळ आली तरी एक्स-रे हवाच. त्या बाहेरच्या उंचवट्याजवळच्या हाडाची एक मोड जोन्स फ्रॅक्चर म्हणून ओळखली जाते. रॉबर्ट जोन्स हे ब्रिटिश शल्यविशारद. नाचताना त्यांचा स्वतःचाच पाय तिथे मोडला आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला! दुखापतीचा असा सदुपयोग क्वचितच कुणी केला असेल.

दाबण्याइतकंच महत्त्व चार पावलांना. पडल्या पडल्या आणि नंतर तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकली तरी चालतील, पण त्या पायावर वजन पडलं पाहिजे. हाडावर कुठेच कळ नाही आणि चार पावलंही पडतात, तर ती मुरगळच असण्याची शक्यता फार मोठी.

हे गणित सगळ्यांना लागू नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर मोडलेलं हाडही दुखत नाही. अशा माणसाचा पाय गरम, लाल, सुजलेला दिसला आणि तो "दुखत तर नाही" म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ पट्टा असतो आणि तो कित्येकदा लिगामेंटपेक्षा कच्चा निघतो, त्यामुळे "पोर आहे, मुरगळलं असेल" हा अंदाज घरी बांधू नये. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही मी एक्स-रेचे पैसे वाचवणार नाही. घोटा वाकडा दिसत असेल, हाड कातडीबाहेर आलं असेल, बोटं गार, निळी किंवा बधिर पडली असतील, तर दाबून बघत बसू नका, थेट इस्पितळात जा.

मुरगळच असेल तर पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं बंद. गरम लेपही नको, त्याने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज बांधायचं, पण बोटांना मुंग्या येतील इतकं घट्ट नाही. पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर. हाडवैद्याने "जागेवर बसवायला" मुरगळीत हाड सुटलेलं नसतंच, आणि मोडलेलं असेल तर एक्स-रे न बघता ओढाताण करणं म्हणजे आणखी नुकसान.

पाच-सात दिवसांनीही पायावर वजन पेलत नसेल तर पुन्हा दाखवा, कारण पहिल्या एक्स-रेत बारीक चीर सुटू शकते. वजन पेलू लागलं की मात्र पाय हलता ठेवा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, तो बऱ्याचदा तोल सांभाळायची त्याची सवय मोडल्यामुळे. तिच्यासाठी फिजिओथेरपिस्ट सांगतात तो व्यायाम अगदी घरगुती आहे: सकाळी दात घासताना, बेसिनला एक हात टेकून, दुखऱ्या पायावर उभं राहायचं.