बनगावचं मीठ-साखरेचं पाणी

पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढुरके असतात. काही तासांत माणूस सुकून जातो. डोळे खोल जातात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी तशीच राहते. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत, तो याच धास्तीनं.

पटकीचा जंतू आतड्याला भोकं पाडत नाही. तो एक विष सोडतो. कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली हे दाखवून दिलं. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर ओतत राहतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी, कधी तासाला लिटरभर. अशा वेळी नुसतं पाणी पाजून भागत नाही, ते आतड्यात पुरेसं शोषलंच जात नाही.

पण त्याच पेशींना आणखी एक दार असतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले की ते दोघांना आत घेतं, मागून पाणीही येतं. पटकीचं विष या दाराला हात लावत नाही. मला या आजारातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. पटकी पसरली, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं. पाजायला होते रोग्यांचे नातेवाईकच. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्या आत आले.

आज अशाच मिश्रणाची, ओआरएसची, पाण्यात विरघळवून प्यायची पुडी आशाताईंकडे मिळते. ती हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा. अंदाजपंचे नको. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते, म्हणून गोड शीतपेयं देऊ नयेत. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

‘जुलाबात पाणी तोडा’ हा सल्ला आजही घराघरांत ऐकू येतो, तेव्हा जीव तुटतो. बाळाला अंगावर पाजणं चालूच ठेवायचं. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा-चमचा. मूल मलूल पडलं, पिईनासं झालं, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा, वाटेतही पाजत.