शिनाणे-कालवांच्या शेतीचा अर्ज : खाडीचा सातबारा आणायचा कुठून?

शिनाणे आणि कालवं म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या. त्यांची शेती खाडीच्या पाण्यात होते, पण खाडीला सातबारा नसतो. तरी अनुदानाच्या अर्जात 'जागेचा पुरावा' असा रकाना असतोच, आणि आमच्याकडच्या बायकांचे अर्ज अडकतात ते तिथेच. एका टेबलावर तर आम्हांला चक्क पाण्याचा उतारा मागितला होता!

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शिंपल्यांच्या शेतीचा एकक (एका युनिटचा) खर्च 20 हजार रुपये धरलाय. महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान, बाकीच्यांना 40. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे. आधार, पासबुक, जातीचा दाखला, प्रकल्प अहवाल ही नेहमीची कागदपत्रं. आधार आणि पासबुकावरचं नाव मात्र अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यातही अर्ज परत येतात.

जागेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव, मच्छीमार सोसायटीचं आणि मेरीटाईम बोर्डाचं ना-हरकत पत्र अशी जुळवाजुळव आधीच सुरू करा. ठरावात नुसतं 'खाडीत' लिहून चालत नाही. शिनाण्यांच्या दोऱ्या ज्याला टांगतात त्या बांबूच्या मांडवाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश हवेत, आणि होड्यांची वाट सोडल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. 2023च्या दुरुस्तीनंतर शिंपल्यांची शेतीही किनारी मत्स्यशेतीच्या कायद्याखाली आली आहे, तेव्हा त्या नोंदणीचंही कार्यालयात विचारून घ्या. कांदळवनाला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

आता तारखेचं. अर्जाची शेवटची तारीख सगळ्या बघतात, खाडीची कोणी बघत नाही. शिनाण्यांचं बी, म्हणजे लहान पिल्लं, पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोरीला बांधायचं. पाच-सहा महिन्यांत माल तयार होतो आणि मृगाआधी काढावाच लागतो. पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं, शिनाणे मरतात. म्हणजे फेब्रुवारीत मंजुरी आली तर ते वर्ष गेलंच. म्हणून कागद उन्हाळ्यातच गोळा करा. पण मंजुरीपत्र हातात येण्याआधी बांबू-दोरी घेऊ नका, बाई. आधीचा खर्च सहसा धरत नाहीत.

अनुदान काम झाल्यावर, पाहणीनंतर मिळतं. तोवर पैसे आपलेच. बिलं पक्की घ्या, अर्जदाराच्याच नावाची. नवऱ्याच्या नावाची कच्ची चिठ्ठी उपयोगाची नाही. आणि पाहणीचा दिवस ओहोटीचा मागून घ्या. भरतीला दोऱ्या पाण्याखाली असतात, साहेबांना दिसणार काय?