जुन्या कॉन्टेसात १०० ऑक्टेन टाकून ताकद वाढते का?

गाडी ओढत नाही? १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाका, पळायला लागेल! कोल्हापुरात हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा जपणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल अवेळी आपोआप पेटून इंजिन नॉक (खडखड) करू नये, यासाठीचा तो आकडा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं असेल किंवा टायमिंग पुढे घेतलं असेल, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर त्याचा उपयोग. कंपनीतून आलं तसंच असलेलं, नॉक न करणारं इंजिन, मग ते १.५ लिटरचं असो की नंतरचं १.८ लिटरचं इसुझू, महाग पेट्रोलने जोर धरत नाही.

खरी काळजी इथेनॉलची. आपल्या ऊसपट्ट्यातही बनणारं हे इथेनॉल आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर मिश्रण स्वतःहून जुळवून घेत नाही. गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं; जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलावा लागू शकतो. जुनं रबरही खराब होतं. पेट्रोलची नळी वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या, की बाकी सगळं थांबवून आधी ती बदला. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटू शकते.

ताकद हवीच असेल, तर शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात इंजिनाचं हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरचा दाब मोजणारं मीटर) लावायला सांगा. एखाद्या सिलिंडरचा आकडा फारच कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह तपासा.